गडगडाट भंगारातला, टापा करवंटीतल्या

बालनाट्याला आलेलं पोर गप्प बसत नाही, आणि त्याने बसूही नये. राक्षस मागून आला की अर्धं सभागृह ओरडतं, "मागे बघ, मागे बघ!" त्या कल्लोळात पेनड्राइव्हवरचा गडगडाट आपल्या वेळेला वाजून मोकळा होतो. कुणाला ऐकू गेला, कुणाला नाही, त्याला काय त्याचं? विंगेत पत्रा धरून उभा असलेला माणूस मात्र थांबतो. पोरांचा दम संपू देतो आणि मग पत्रा असा हलवतो की पहिली रांग थेट आईच्या मांडीत.

म्हणून बालनाट्याचे आवाज जागच्या जागी, हाताने केलेलेच हवेत, असं आमचं ठाम मत. पालघर जिल्ह्यातल्या मंडळींना तर इथे सबब सांगायला जागाच नाही. किनाऱ्यावर नारळ, डोंगरात तारपा आणि मधोमध बोईसरला एमआयडीसीचं भंगार. एवढं सामान हाताशी असताना लॅपटॉप कशाला? शिवाय वीज गेली तरी खेळ थांबत नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९पासून शेजारी तारापूरला आहे खरं, पण म्हणून स्नेहसंमेलनाच्या ऐन रात्री वीज जाणारच नाही असं थोडंच आहे!

अल्लल्डुर्र!

मराठी नाटकाचं आणि आवाजाचं नातं जुनं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि तिथून पौराणिक खेळांची लाट आली. त्यात राक्षस येताना 'अल्लल्डुर्र' अशी आरोळी ठोकायचा आणि मृदंग 'तागडथोम' वाजायचा. पुढे शहाण्या प्रेक्षकांनी त्या सगळ्या खेळांना नाक मुरडून नाव दिलं ते हेच: अल्लल्डुर्र नाटकं, तागडथोम नाटकं. चेष्टा करणारे विसरले गेले, राक्षसाची आरोळी टिकली. आजच्या बालनाट्यातला राक्षस दुसरं काय करतो?

चोरीला गेलेला गडगडाट

लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात १७०९ साली जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने आपल्या नाटकासाठी गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक सपशेल पडलं. थोड्या दिवसांनी तो तिथेच 'मॅकबेथ' बघायला गेला आणि ऐकतो तर काय, गडगडाट त्याचाच! नाटक नको, पण गडगडाट हवा. 'माझा गडगडाट चोरला!' असं गडी जागेवर उभा राहून ओरडला म्हणे. दुसऱ्याचं श्रेय लाटणं याला इंग्रजीत 'गडगडाट चोरणं' म्हणतात, ते तेव्हापासून.

ब्रिस्टलच्या १७६६ सालच्या थिएटर रॉयलमध्ये तर छतावर लाकडी पन्हळ बसवली होती. तिच्यातून तोफेचे गोळे घरंगळत सोडायचे, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरून खराखुरा गडगडाट जायचा. त्याच साली उभ्या राहिलेल्या स्वीडनच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातल्या थिएटरात दगडांनी भरलेली लाकडी पेटी आहे. ती कलंडवली की आभाळ गडगडतं. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, यंत्र अजून चालू आहे.

बोईसरला तोफगोळे नकोत. पातळ जीआय पत्र्याचा चार-पाच फुटी तुकडा भंगारवाल्याकडे मिळतो. कडा हात कापतात, म्हणून आधी त्यांना जाड चिकटपट्टी गुंडाळायची. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळीने आडव्या बांबूला टांगायचा आणि खालची कड दोन्ही हातांनी धरायची. आता महत्त्वाचं: ठोकायचं नाही. ठोकला की पत्रा पत्र्यासारखाच वाजतो. हलकेच वाकवायचा, सोडायचा, पुन्हा वाकवायचा. मग एकदम जोरात झटका द्यायचा आणि हळूहळू हात मंद करत न्यायचा. वाकलेला पत्रा एकाच वेळी शेकडो प्रकारे थरथरतो. जाड-बारीक सगळे सूर एकमेकांत मिसळतात, कुठलाच एक सूर डोकं वर काढत नाही, म्हणून कानाला ते ढगासारखं लागतं. वर्गातल्या वर्गात नाटुकलं करायचं असेल तर घरात पडलेली जुनी एक्स-रे फिल्म हलवा. छोटं वादळ होतं.

आणि वीज आधी, आवाज नंतर. हे दिवेवाल्याला आणि पत्रेवाल्याला समोरासमोर बसवून सांगायला लागतं, नाहीतर दोघंही एकाच वेळी हात साफ करून घेतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. वादळ लांब दाखवायचं तर वीज चमकल्यावर मनात तीन आकडे मोजायचे. डोक्यावर आलं की मोजायचंच नाही. पोरांना हे हिशेब माहीत नसतात, पण चुकलं तर बरोबर कळतं.

घोडा नाही? नारळ फोडा

१९७५ सालच्या 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल' या सिनेमात राजा आर्थर घोड्यावर बसल्याचा नुसता आव आणत चालतो आणि मागून नोकर दोन करवंट्या वाजवत येतो. कारण साधं होतं: घोडे परवडत नव्हते. युक्ती त्यांची नव्हे; रेडिओ आणि रंगभूमीवाले ती आधीपासून वापरत होते. पण चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर, जिथे नारळाला तोटा नाही, तिथे शाळेच्या नाटकात मोबाइलमधला घोडा खिंकाळावा, ही जरा लाजिरवाणी गोष्ट आहे.

करवंटी नीट निवडावी लागते. नारळ आडवा, मधोमध करवतीने कापायचा. दगडावर आपटून फोडलेल्या नारळाची कड वेडीवाकडी निघते आणि घोडा लंगडतो. खोबरं काढून आतून स्वच्छ खरवडायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, कड पॉलिश पेपरने घासून सपाट करायची. डोळ्यांची बाजू आणि शेंड्याची बाजू यांचा आवाज किंचित वेगळा येतो, आणि तेच हवं असतं. दोन्ही टापा सारख्या वाजल्या तर घोडा नव्हे, घड्याळ वाटतं. मग तीन जमिनी मांडायच्या: लाकडी फळी म्हणजे पूल, फरशी म्हणजे किल्ल्याचा दरवाजा, ताटात पसरलेली वाळू म्हणजे माळरान.

आता चाल. घोडा सावकाश चालतो तेव्हा चार ठोके पडतात. दुडक्या चालीत पाय जोडीने पडतात, म्हणून दोनच. मध्यम दौडीत तीन, आणि चौखूर उधळला की पुन्हा चार, पण इतक्या वेगात की मोजता येऊ नयेत. रंगमंचावर सगळ्यांत भाव खाऊन जातो तो तीन ठोक्यांचा घोडा: टगडग, टगडग. खरा घोडा मोजकाच वेळ तसा धावतो. पण प्रेक्षकांच्या मनातला घोडा कायम तीन ठोक्यांत धावतो, आणि तिकीट प्रेक्षकाने काढलेलं असतं.

अर्धवटरावांचा धडा

टापा विंगेत वाजतात आणि राजपुत्र मंचाच्या मधोमध उड्या मारत असतो. मग आवाज विंगेतून आल्यासारखा का वाटत नाही? कारण आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त विश्वास ठेवतो. याच भरवशावर शब्दभ्रमकार य. के. पाध्यांनी घडवलेला बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून रामदास पाध्यांच्या मांडीवर अजून गप्पा मारतोय. आवाज माणसाचा, तोंड बाहुल्याचं हलतं, आणि आपण बाहुल्याकडे बघून हसतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. ठोका किंचित उशिरा पडला तर मेंदू चालवून घेतो, कारण निसर्गातही आधी दिसतं आणि मग ऐकू येतं. तीस मीटर लांबच्या शेवटच्या रांगेत आवाज असाही सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा मागाहून पोचतो. ठोका आधी पडला तर मात्र संपलं! थप्पड बसण्याआधी 'फाट्' झालं की पोरं नटाला नाही, विंगेला हसतात.

थप्पडेसाठी सोळाव्या शतकातल्या इटालियन विनोदवीरांनी दोन चपट्या पट्ट्यांची काठी केली होती. हलकासा फटका मारला तरी पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज व्हायचा आणि पाठ शाबूत राहायची. आपल्याकडे लाकडी फूटपट्ट्यांची जोडी एका टोकाला बांधली की झालं. शाळेत फूटपट्टीचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी माहीत नाही.

बर्फाचा आवाज कसा असतो?

बर्फ पडताना आवाज होत नाही. जपानी काबुकीवाल्यांनी तरीही तो केला. मऊ गुंडाळीच्या काठीने मोठ्या ढोलावर हलकेच ठोके दिले की प्रेक्षकांना कळतं, बाहेर हिमवर्षाव चाललाय. त्यांच्याकडे समुद्रासाठी टोपलीत कडधान्य घोळवतात आणि बेडकासाठी खाचांचे दोन शिंपले पाठीला पाठ लावून घासतात. नट धावला, थबकला, आपटला की मंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर बडवतो. लपूनछपून नव्हे, सगळ्यांच्या देखत.

हे शेवटचं आम्हाला सगळ्यांत आवडतं. आवाजाचं टेबल विंगेत न कोंबता मंचाच्या एका कोपऱ्यात, उजेडात मांडावं. पोरं टापाही बघतात, घोडाही बघतात आणि दोन्ही खरं मानतात. वयाने मोठ्या माणसांना हे जमत नाही. फक्त टेबलावर जाड सतरंजी हवी. करवंटी वाजवताना नाही, ती खाली ठेवताना सगळा घोटाळा होतो.

भजी आणि पाऊस

खरा आवाज नेहमी खरा वाटतोच असं नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन मोबाइलवर लाटा टिपून बघा: नुसती खरखर आणि वाऱ्याची फडफड. उलट सुपात मूठभर नाचणी घेऊन सूप हळूच एका बाजूला कलतं केलं की लाट येते, उलट कललं की परत जाते. तांदूळ घेतले तर पाऊस होतो. कढईत भजी तळताना डोळे मिटून ऐका, तोही पाऊसच. म्हणजे जुलैत आपण भजी खातो तेव्हा एक पाऊस बाहेर असतो आणि एक स्वयंपाकघरात.

सिनेमात असे आवाज करण्याचा धंदा हॉलिवूडच्या जॅक फॉली (१८९१–१९६७) यांच्या नावाने ओळखला जातो. १९२९च्या 'शो बोट'पासून त्यांनी पडद्यावरच्या पावलांबरोबर पावलं टाकत आवाज भरले. आजही मुंबईच्या स्टुडिओंत फॉली कलाकार जुन्या चपलांचा ढीग घेऊन बसतात. त्यांच्या पोतडीतल्या काही चिजा बालनाट्याला अगदी लागू पडतात. कॉर्नफ्लोर पिशवीत भरून दाबलं की बर्फात पाऊल रुतल्याचा 'कर्रर्र' आवाज येतो. चामडी हातमोज्यांची जोडी फडफडवली की कबुतर उडतं; छत्री झपाट्याने उघडली-मिटली की गरुड. गाजर माइकजवळ मोडलं की राक्षसाच्या दाढेखाली हाड. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं की रातकिडे. आणि थंड पाण्याचा आवाज जरा खणखणीत, गरम पाण्याचा जरा बोदा असतो, म्हणून मंचावर चहा ओतायचा तर पाणी खरंच गरम घ्यावं. कान ओळखतो, आपल्याला कळत नसलं तरी.

कपातली कोंबडी, डब्यातला वाघ

कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून जाड दोरा ओवा, आतल्या बाजूला गाठ मारा. ओल्या फडक्याने दोरा चिमटीत धरून झटके देत ओढला की कोंबडी ओरडते. हीच कोंबडी पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधून केली, तर वाघ होतो! दोरी फडक्याला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि ती थरथर डबा मोठी करतो. डबा जेवढा मोठा, तेवढं जनावर मोठं. नंदीबैलवाल्याची गुबगुबी याच तत्त्वाची: वाकडी काठी चामड्यावर घासायची, म्हणजे ढोल बडवल्यासारखा न वाजता 'गुबूगुबू' बोलतो. जपानी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी १९५४ साली गॉडझिलाची डरकाळी केली तीही राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बासच्या तारांवर घासूनच. म्हणजे गॉडझिला आणि नंदीबैल लांबचे भाऊबंद निघाले.

एक मात्र सांभाळायचं. आपल्या भागात वाघोबा देव आहे, वाघबारशीला त्याची पूजा होते. विदूषकाने शेपटी ओढावी असा वाघ इथे चालायचा नाही. डरकाळी एकच, पण दमदार.

डोंगरातली मंडळी

वारल्यांचा तारपा वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि पुढे ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. नाकाने घेत राहतो, तोंडाने सोडत राहतो. नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत आणि त्याने चाल बदलली की पाय बदलतात. नाटकवाले ज्याला 'क्यू' म्हणतात तो इथे फार आधीपासून पाळला जातो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे तारप्याभोवतीचं ते वेटोळं जगभर पोचलं. नाटकात तारपा आणायचाच तर नाचासाठी आणावा, भुताच्या आवाजासाठी नको.

भुतासाठी दुसरी युक्ती याच डोंगरपट्ट्यात आहे. कोकणा जमातीचे कथेकरी काशाच्या थाळीत मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि चिमटीने ती वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमायला लागते आणि त्या घुमण्यावर रात्रभर कथा चालते. ती थाळी कथेसाठीच राहू द्यावी. पण घरातल्या काशाच्या ताटलीवर हा प्रयोग करून बघायला कुणाची ना नाही. अंधार करून वाजवली की मागची दंगेखोर रांगही चिडीचूप.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देव-दैत्य मोठमोठे मुखवटे चढवून येतात. मुखवट्यातून बोलायला वाव कमी, म्हणून बोलायचं काम संबळ आणि पिपाणी करतात. कोण आलंय हे लहान पोरालाही दिसायच्या आधी ऐकू येतं.

कोसबाडची शाळा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं गोळा करून तीच साधनं केली. गाईगुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात गेली. आवाजाच्या टेबलाला हाच नियम लावायला हरकत नाही. बाजारातून काही आणायचं नाही, पोरांनी गोळा करून आणायचं आणि वाजवून बघायचं. वाळलेल्या शेंगा, ताडाची झावळी, कोयी. गुलमोहराची वाळकी शेंग हलवली की नागीण येते, हे कुठल्या ध्वनिमुद्रिकेत मिळणार?

वाऱ्यासाठी वॉशिंग मशीनचा वळ्यावळ्यांचा पाइप डोक्यावर गरगर फिरवावा. तो गातो. वेग वाढवला की सूर घसरत चढत नाही, पायरीवरून पायरीवर उडी मारतो. फिरवणाऱ्याभोवती दोन मीटर कुणी उभं राहू नये.

झुकझुक का बरं?

बोईसरच्या पोराने वाफेचं इंजिन पाहिलेलं नसतं. त्याला ठाऊक आहे तो लोकलचा भोंगा, मालगाडीची संपता न संपणारी खडखड आणि २०१३पासून डहाणूपर्यंत धावणारी लोकल. तरी नाटकात गाडी आली की 'झुकझुक'च. दोन ठोकळ्यांना पॉलिश पेपर चिकटवून घासलं की वाफेचं इंजिन मस्त निघतं, कबूल. पण एकदा मालगाडी करून बघा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात दोन गोट्या, आणि ठेका असा: दोन ठोके, विश्रांती, दोन ठोके, विश्रांती. किती डबे झाले ते पोरं मोठ्याने मोजायला लागतात.

घसा

सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी'ने बालरंगभूमीचा पडदा वर नेला आणि रत्नाकर मतकरींनी त्यावर 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' अशी मंडळी आणून सोडली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी. चेटकिणीच्या त्या हसण्याला ना पत्रा लागतो ना डबा, नुसता घसा पुरतो.

आगीचा आवाज राहिलाच. वेफर्सचं रिकामं पाकीट माइकजवळ चुरगाळलं की चुलीपासून लंकादहनापर्यंत सगळं पेटतं. आमची सूचना एवढीच की आगीचा प्रवेश मध्यंतरानंतर लगेच ठेवा. तेव्हा अर्ध्या सभागृहाच्या हातात वेफर्स असतात. विंगेतल्या माणसाने नुसतं हात बांधून उभं राहायचं.